'लेट गो' कोण करतं, बॉस?

दारव्ह्याचा एक मित्र आहे आमचा. शिकला यवतमाळात, नोकरीला पुण्यात, हिंजवडीच्या गर्दीतला एक हेडफोनवाला. एका शुक्रवारी दुपारी चार वाजता त्याला 'क्विक कॅच-अप' नावाच्या मीटिंगचं आमंत्रण आलं. (शुक्रवार, दुपारचे चार आणि सोबत एचआर... शहाण्यांनी ओळखलं असेलच!) मीटिंग बारा मिनिटांत आटोपली आणि त्याच्या डोक्यात एकच वाक्य राहिलं : 'यू आर बीइंग लेट गो.' रात्री त्यानं घरी फोन लावला. म्हणाला, "बाबा, मला लेट गो केलं." पलीकडून बाबा भडकलेच. "लेट गेला? मी सांगतलं होतं ना तुले, टाइमावर जात जा म्हणून!"

दहा मिनिटं समजावल्यावर बाबांच्या डोक्यात प्रकाश पडला. "मंग काढलं म्हन ना सरळ! पन कोनं काढलं?"

आता आली का पंचाईत! कारण या 'कोनं'चं उत्तर पोराकडे नव्हतं. मॅनेजर म्हणाला, निर्णय वरून आलाय. एचआर म्हणाली, रोलच 'फेज्ड आऊट' झालाय. मेलमध्ये लिहिलं होतं की टीम 'स्केल्ड डाऊन' केली जात आहे. तीन वाक्यं आली, पण एकातही माणूस नाही. नोकरी गेली, पण ती घेतली कुणी, हे शेवटपर्यंत कळलं नाही. दहावीपर्यंत शिकलेल्या बाबांनी मात्र पहिल्याच झटक्यात नेमका प्रश्न विचारला होता.

मित्रांनो, आज या वाक्यांबद्दलच बोलू या. आपल्या इनबॉक्समध्ये रोज पडणारी ही वाक्यं आहेत. शाळेतल्या बाईंनी दोन वेगवेगळ्या दिवशी शिकवलेल्या दोन गोष्टी यात एकत्र येतात. एक म्हणजे फ्रेझल व्हर्ब, म्हणजे साधंसं क्रियापद आणि त्याच्या शेपटाला ऑफ, अप, डाऊन, आऊट असलं एखादं चिमुकलं अव्यय. आणि दुसरी पॅसिव्ह व्हॉइस. दोन्ही एकत्र आल्या की ऑफिसचं इंग्लिश तयार होतं. मीटिंग कॉल्ड ऑफ होते, बजेट कट बॅक होतं, तुमची रिक्वेस्ट टर्न्ड डाऊन होते, प्रमोशनच्या वेळी तुम्ही पास्ड ओव्हर होता आणि तक्रार केलीत तर ती 'इज बीइंग लुक्ड इन्टू' असते. कधीपासून? तेही विचारायचं नसतं.

गंमत अशी की हे शब्द मुळात अगदी घरगुती आहेत. कॉल, कट, टर्न, पुट, लुक, लेट... पहिलीतल्या पोरालाही येणारे. 'टर्मिनेट' म्हटलं की कायद्याचा वास येतो, अंगावर काटा येतो. 'लेट गो' म्हटलं की जणू कुणी पिंजऱ्याचं दार उघडून पाखराला आभाळात सोडतंय! आधी शब्द मऊ करायचा, मग वाक्य पॅसिव्ह करून त्यातला कर्ता उचलून बाजूला ठेवायचा. असा हा डबल फंडा. बरं, 'लेट' हे क्रियापद एरवी पॅसिव्हमध्ये फारसं जातच नाही. 'आय वॉज लेट सिट' असं कुणी इंग्रज म्हणत नाही. पण 'लेट गो', 'लेट डाऊन', 'लेट ऑफ' या जोड्यांत मात्र ते आनंदानं जातं. म्हणजे माणसाला सोडायचं, हिरमुसलं करायचं किंवा शिक्षेविना जाऊ द्यायचं असलं की व्याकरण लगेच सैल होतं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं इंग्रजांचं कारस्थान, आपली मराठी किती रोखठोक! थांबा जरा.

आपण काय म्हणतो? नोकरी 'गेली'. जशी काही ती स्वतःच चप्पल घालून निघून गेली. विदर्भात वाढलेल्यांना तर हे क्रियापद चांगलंच पाठ आहे. लाईट गेली. पीक गेलं. बाभूळगावकडच्या माणसाला विचारा, बेंबळा प्रकल्पाचं नाव निघालं की म्हणतो, जमीन धरणात गेली. वणीकडचा म्हणतो, वावर खाणीत गेलं. जमीन कुठे जाते हो? ती तिथेच असते. तिच्यावर कुणीतरी येतं. पण आपल्या भाषेत जमीन जाते आणि येणारा वाक्यात दिसत नाही. यासाठी आपल्याला पॅसिव्ह व्हॉइसचीही गरज पडत नाही. 'जाणे' एवढं एक साधं क्रियापद पुरतं.

आणि शाळेत आपल्याला शिकवलेलं 'पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी प्रयोग' हे समीकरणही अर्धंच खरं आहे. 'मांजराने उंदीर मारला' हा कर्मणी प्रयोग. क्रियापद उंदराच्या तालावर चालतं, कबूल. पण मांजर कुठे पळालंय? वाक्याच्या अगदी तोंडाशी मिशा फेंदारून बसलंय! आपल्या कर्मणीत आरोपी हजर असतो. इंग्लिश पॅसिव्हमध्ये तो फरार असला तरी चालतं. मराठीत ती सोय हवी असेल तर 'उंदीर मारला गेला' असं म्हणावं लागतं आणि मांजर अगदीच हवं असेल तर 'मांजराकडून' असं शेपूट लावावं लागतं. व्याकरणाची पुस्तकं याला नवीन कर्मणी म्हणतात आणि तो इंग्रजीच्या वळणानं आला असं सांगतात. जुन्या मराठीचा वेगळा कर्मणी होता, 'बोलिजे', 'कीजे' असा. ज्ञानेश्वरीच्या काळातला. तो गेला. (पाहा, पुन्हा 'गेला'!)

खरी मजा आहे ती आपल्या क्रियापदांच्या जोड्यांत. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, जळणे-जाळणे, फुटणे-फोडणे, सुटणे-सोडणे. एक काना किंवा एक मात्रा इकडची तिकडे झाली की वाक्यात आरोपी येतो किंवा वाक्यातून पळून जातो. 'नोकरी सोडली' म्हटलं की कॉलर ताठ असते. 'नोकरी सुटली' म्हटलं की ऐकणारा पुढचं विचारत नाही, नुसती मान हलवतो. पेपर फुटतो, कधी कुणी फोडत नाही. आणि यवतमाळकरांना सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे शकुंतला. यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी नॅरोगेजची ती छोटी गाडी. कापूस वाहून न्यायला इंग्रजी कंपनीनं रूळ टाकले, १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन धापा टाकत होतं, मग डिझेल आलं आणि २०१० च्या दशकात ती थांबली. बंद पडली, बंद केली की बंद पाडली? तीन वेगवेगळ्या लोकांना विचारा. साहेब म्हणतील, बंद करण्यात आली. प्रवासी म्हणेल, बंद पडली. आणि तिच्यासाठी मोर्चे काढणारा म्हणेल, बंद पाडली! इंग्लिशमध्ये तिघांसाठी एकच भाषांतर होईल : 'वॉज शट डाऊन'. म्हणजे या बाबतीत मराठी इंग्लिशपेक्षा जास्त शार्प आहे. वापरायची की नाही, ते आपल्यावर.

असे शब्द नुसते ऑफिसातच चावत नाहीत. यवतमाळ जिल्ह्यात २०१८ साली एका वाघिणीवरून अख्खा देश भांडला होता, आठवतं? वनखात्याच्या कागदावर टी-वन, प्राणिप्रेमींची अवनी. पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यात २०१६ पासून तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर लागले होते. बेशुद्ध करून पकडा, नाहीच जमलं तर गोळी घाला, असा आदेश होता. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, कोर्टानं हस्तक्षेप केला नाही. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटी गावाजवळ तिला गोळी लागली. मागे दोन बछडे राहिले.

(बघा, मीही 'गोळी लागली' असंच लिहून गेलो. गोळी घातली, असं नाही. भाषा अशी हाताला लागते.)

आता हीच घटना इंग्लिशमध्ये कशी सांगायची? 'शी वॉज पुट डाऊन' म्हटलं तर डोळ्यांसमोर जनावरांचा डॉक्टर येतो. म्हाताऱ्या, आजारी कुत्र्याला शेवटचं इंजेक्शन देणारा. दया येते, सुटका झाल्यासारखं वाटतं. 'शी वॉज गन्ड डाऊन' म्हटलं तर चौकातला गोळीबार. 'शी वॉज हंटेड डाऊन' म्हटलं तर रानोमाळ पाठलाग, हत्ती, कुत्रे, कॅमेरे, महिनोन्‌महिने. 'डाऊन' तेच, पुढचं क्रियापद तेवढं बदललं आणि वाचकानं कुणाच्या बाजूनं रडायचं ते ठरून गेलं. आणि तिन्ही वाक्यांत बंदूक कुणाच्या हातात होती ते नाहीच. मुंबई-दिल्लीत ही चर्चा रंगली तेव्हा त्या गावांमधल्या बायका संध्याकाळी वावरातून एकट्या परत येऊ शकत होत्या, याचा आनंद होता. त्यांचं वाक्य सरळ होतं. मारली एकदाची. बेशुद्धीचं इंजेक्शन आधी मारलं की नाही, नियम पाळले की नाही यावर पुढे चौकशी लागली, समित्या बसल्या. आपल्याकडे चौकशी लागते आणि समिती बसते. त्यांना लावणारा आणि बसवणारा कधी वाक्यात येत नाही.

मला विचाराल तर मेलेल्या तेरा माणसांसाठी आणि त्या वाघिणीसाठीही 'पुट डाऊन' हा शब्द खोटा आहे. आजारी जनावराचा शब्द धडधाकट, शिकारी जनावराला लावला की दोन्ही बाजूंची भीती पुसली जाते.

दुसरी गोष्ट याच्यानंतर दोनच महिन्यांची, तिथलीच. यवतमाळात ११ ते १३ जानेवारी २०१९ ला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन होतं. अध्यक्ष अरुणा ढेरे. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं. त्या इंग्रजी लेखिका, म्हणून मराठी संमेलनाचं उद्घाटन त्यांनी करू नये, उधळून लावू, असा स्थानिक पातळीवर इशारा आला. आणि संमेलन काही दिवसांवर आलेलं असताना निमंत्रण मागे घेण्यात आलं.

थांबा! 'मागे घेण्यात आलं'? कुणी घेतलं? आयोजकांनी. मग तसं लिहू या : आयोजकांनी निमंत्रण मागे घेतलं. दोन वाक्यांतला फरक जाणवतो ना? पहिल्यात निमंत्रण आपणहून मागच्या दारानं परत गेल्यासारखं वाटतं. दुसऱ्यात कुणीतरी पाहुण्याला फोन करून 'येऊ नका' म्हणतं. 'मागे घेणे' ही तर आपली अस्सल मराठी फ्रेझल व्हर्बच म्हणायची. साधं क्रियापद, त्याला चिकटलेला छोटा शब्द आणि दोघांचा मिळून तिसराच अर्थ.

पुढे काय झालं ते तुम्ही वाचलं असेल. अनेक साहित्यिकांनी संमेलनाला जायला नकार दिला. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला. ज्या पक्षाच्या कार्यकर्त्यानं इशारा दिला होता त्याच्या अध्यक्षांनी आपला विरोध नसल्याचं जाहीर केलं. म्हणजे जो तो सांगू लागला की मी नाही. मग मागे 'घेण्यात' कुणाकडून आलं? करण्यात येणाऱ्या गोष्टींचं असंच असतं. त्यांचा बाप सापडत नाही. शेवटी उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी, कळंब तालुक्यातल्या राजूरच्या. नवऱ्यानं आत्महत्या केल्यानंतर शेती आणि घर सांभाळणारी बाई. त्या बोलल्या ते कर्तरी प्रयोगात, कुणाचीही आडकाठी न ठेवता. इंग्रजी लेखिका आली तर मराठीचं काय होईल या काळजीनं सुरू झालेला गोंधळ, त्यातून वाट काढली ती गावाकडच्या मराठीनं. आणि निमंत्रण रद्द करण्याचा कारभार मात्र झाला होता त्या कळविण्यात-येते छापाच्या मराठीत, जिचा सांगाडा इंग्रजांच्या कचेरीतला आहे. हा विनोद कुणाच्याच लक्षात आला नाही.

कचेरीच्या त्या मराठीबद्दल थोडं बोललंच पाहिजे. 'पंचनामे करण्यात येतील.' 'सदर अर्ज विचारात घेण्यात येईल.' 'मदत वाटप करण्यात आली.' तहसीलच्या पायऱ्या चढलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला हे पाठ असतं. यवतमाळात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. तेव्हाचे कागद काढून बघा, 'विषबाधा झाली', 'प्रकार निदर्शनास आला', 'सूचना देण्यात आल्या'. औषध विकलं कुणी, मिसळायला सांगितलं कुणी, मास्क-हातमोजे द्यायचे होते कुणी, हे विचारायला चौकशी पथक नेमावं लागलं.

आता जरा तुमच्या-आमच्या खिशाकडे. कारण यातला एक शब्द थेट पैशाला हात घालतो. 'रिटन ऑफ'.

बातमी येते, बँकांनी इतके कोटी 'राइट ऑफ' केले. लगेच व्हॉट्सॲपवर सुरू, बड्यांचं कर्ज माफ! इथे लोच्या आहे. माफी म्हणजे वेव्हर. २००८ साली केंद्राची आणि २०१७ साली राज्याची शेतकऱ्यांसाठी आली ती माफी. तिथे ठरलेल्या रकमेपुरतं देणं संपलं. राइट ऑफ म्हणजे बँकेनं आपल्या ताळेबंदातून ती रक्कम वसूल न होणारी म्हणून बाजूला काढली, एवढंच. मराठी बँकिंगमध्ये त्याला निर्लेखन म्हणतात. देणेकऱ्याचं देणं उभंच असतं आणि वसुली चालूच असते. (बड्यांकडून ती किती होते हा वेगळा विषय आणि वेगळा संताप.)

तुमच्याशी याचा संबंध असा. पहिल्या नोकरीत हौसेनं घेतलेलं क्रेडिट कार्ड, मग दोन-तीन महिने थकलेलं बिल, मग नोकरी बदलली, शहर बदललं, नंबर बदलला, आणि वर्षभरानंतर कुणीतरी सांगितलं की 'युअर अकाउंट हॅज बीन रिटन ऑफ'. पोरं पार्टी देतात! सुटलो म्हणून. अरे बाबांनो, सिबिलच्या रिपोर्टवर 'रिटन ऑफ' हा शेरा म्हणजे कपाळावरचा डाग आहे. चार-पाच वर्षांनी घराचं लोन काढायला गेलात की बँकेतला माणूस तोच शब्द दाखवून तुमचा अर्ज टर्न डाऊन करेल. 'सेटल्ड' हाही शेरा ऐकायला गोड, पण त्याचा अर्थ तुम्ही पूर्ण पैसे दिले नाहीत असाच होतो. रिपोर्टवर हवं ते 'क्लोज्ड'. तेव्हा पॅसिव्हमध्ये आलेली गुड न्यूज दोनदा वाचा.

तसाच 'लेड ऑफ'. आपण सरसकट नोकरी गेली या अर्थानं वापरतो, अमेरिकन बातम्या वाचून. पण आपल्या कायद्यात ले-ऑफ म्हणजे नोकरी जाणं नव्हेच. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफ म्हणजे कच्चा माल नाही, वीज नाही, मशीन बिघडलं, म्हणून मालक काही दिवस काम देऊ शकत नाही. कामगाराचं नाव हजेरीपटावर कायम राहतं आणि ठरावीक अटींत बसला तर त्याला मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळते. कायमचं काढलं तर त्याला रिट्रेंचमेंट म्हणतात, त्याचे नियम वेगळे, भरपाई वेगळी : पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. जुन्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही हा फरक कायम आहे. आता तुम्ही कायद्याच्या भाषेत 'कामगार' आहात की मॅनेजर, हा आणखी एक प्रश्न, कारण मॅनेजर मंडळी या छत्रीखाली येत नाहीत. म्हणून तर हातातल्या कागदावर 'लेड ऑफ' लिहिलंय, 'टर्मिनेटेड' लिहिलंय की 'रिझाइन्ड' लिहून घेतलंय, हे सही करण्याआधी बघायचं. 'लेट गो' हा शब्द मात्र कायद्याच्या कुठल्याच पुस्तकात नाही. म्हणूनच तो इतका लाडका असावा.

एवढं सगळं ऐकून पॅसिव्ह म्हणजे व्हिलन असं समजू नका हं. जॉर्ज ऑर्वेलनं १९४६ साली एका निबंधात पॅसिव्ह टाळा असा नियमच घालून दिला आणि तेव्हापासून इंग्लिश शिकवणारे क्लासवाले आणि कॉम्प्युटरमधली ती हिरवी-निळी रेघ आपल्या मागे लागली. पण काही गोष्टी पॅसिव्हमध्येच बरोबर लागतात. 'माय बॅग गॉट टेकन', 'आय गॉट रिप्ड ऑफ', 'आय वॉज स्टूड अप'. कॅफेत तासभर वाट बघितली आणि ती आलीच नाही, तर बातमी तुमची आहे, तिची नाही. कर्ता इथे हवा कशाला? आणि 'गॉट' लावलं की त्यात आपलं हतबल होणं आपोआप येतं, म्हणून मित्रांत 'गॉट', मेलमध्ये 'वॉज'.

इंग्लिशची एक करामत तर आपल्याला जमणारच नाही. 'ही वॉज लाफ्ड ॲट.' 'धिस बेड हॅज बीन स्लेप्ट इन.' अव्यय शेवटी लोंबकळतंय आणि ज्याच्यावर हसले तो वाक्याचा हिरो! जगातल्या फार थोड्या भाषांना हे जमतं. मराठीत 'त्याच्यावर हसलं गेलं' म्हणून बघा, दात दुखल्यासारखं वाटतं. आपण 'लोक त्याला हसले' म्हणतो आणि मोकळे होतो. म्हणूनच इंग्लिश बोलताना आपलं ते शेवटचं अव्यय गळून पडतं. 'माय कम्प्लेंट वॉज नॉट लुक्ड' अशी मेल जाते आणि पलीकडचा विचार करत बसतो, लुक्ड कुठे? इन्टू, ॲट, आफ्टर की ओव्हर? शेपूट तोडलं की जनावर ओळखू येत नाही.

शेपूट तेच ठेवून चालत नाही, माणूस आणि वस्तू यांतही फरक पडतो. 'द मीटिंग वॉज पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलली. 'आय वॉज पुट ऑफ' म्हणजे माझं मन उडालं, किळस आली. 'आय वॉज पुट अप ॲट अ हॉटेल' म्हणजे कंपनीनं खोली दिली. 'आय वॉज पुट अप टू इट' म्हणजे मला कुणीतरी फूस लावली. 'टेकन इन' म्हणजे आसरा मिळाला किंवा चक्क गंडवलं गेलं, प्रसंगावर अवलंबून. आणि एक खास आपला देशी प्रकार, 'आय पास्ड आऊट इन २०१९'. आपल्याकडे डिग्री मिळाली, परदेशातल्या क्लायंटच्या कानाला तुम्ही बेशुद्ध पडलात. ट्रेन 'फ्लॅग्ड ऑफ' होणं हेही आपलंच लाडकं. वर्धा ते कळंब ब्रॉडगेज २८ फेब्रुवारी २०२४ ला यवतमाळातूनच अशी झेंडा दाखवून सुरू झाली. वर्धा-यवतमाळ-नांदेड या लाइनचा तो पहिला तुकडा.

आपल्या मिंग्लिशनं मात्र यावर झकास तोडगा काढलाय. क्रियापद इंग्लिश, शेपूट इंग्लिश आणि मागे एक मराठी शब्द : 'झालं' किंवा 'केलं'. प्रोजेक्ट कॉल ऑफ झाला. प्रोजेक्ट कॉल ऑफ केला. मी फेड अप झालो. त्यानं मला ब्लॉक केलं. एका अक्षरात सगळा हिशेब! झालं म्हटलं की आभाळातून पडलं, केलं म्हटलं की कुणीतरी केलं, आणि 'कुणी?' हा प्रश्न लगेच तोंडावर येतो. पुढच्या स्टेटस मीटिंगला कान देऊन ऐका. चांगल्या गोष्टी सगळे 'केलं'मध्ये सांगतात : डील क्लोज केली, टार्गेट अचीव्ह केलं. आणि सर्व्हर? डाऊन झाला. डेटा? डिलीट झाला. क्लायंट? नाराज झाला. एका टीम लीडच्या तोंडून तर 'मेल सेंड झाली नाही' असंही ऐकलंय. जशी काही मेलच रुसून बसली.

मग करायचं काय? मेलवर भांडण काढायची गरज नाही. 'इट इज बीइंग लुक्ड इन्टू' आलं की दोन ओळींचं गोड उत्तर द्यायचं : 'थँक्स! हू इज लुकिंग इन्टू इट, अँड बाय व्हेन?' व्याकरण इथे तुमच्या बाजूनं आहे. पॅसिव्ह वाक्याला 'बाय हूम' विचारणं हा वाक्याचाच हक्क आहे, उद्धटपणा नाही. शाळेत नाही का, व्हॉइस बदलताना 'बाय'च्या पुढची जागा भरल्याशिवाय मार्क मिळत नव्हते?

आणि पुढच्या इंटरव्ह्यूमध्ये आधीच्या नोकरीबद्दल विचारलं, तर शब्द नीट निवडा. 'आय वॉज फायर्ड' म्हणजे चूक माझी. 'आय वॉज लेड ऑफ' म्हणजे जागाच गेली, चूक माझी नाही. 'आय वॉज लेट गो' हे मधलं, त्याचा अर्थ दोन्हीकडे लागतो, म्हणून समोरचा पेन खाली ठेवून विचारणारच, 'का?' अख्खी टीम काढली असेल तर 'माय होल टीम वॉज लेड ऑफ इन मार्च' एवढंच सांगा. महिना सांगा, किती जण होते तेही सांगा.